‘श्यामची आई’ : बालपणीची लाज आणि कथनाची रात्र

१. प्रस्तावना

बालपण हा अभिजात साहित्याचा चिरंतन विषय आहे. तथापि बालपणाचे साहित्य बालक लिहीत नाही. अनुभव घेणारे मूल आणि तो अनुभव सांगणारा प्रौढ यांच्यात अनेक वर्षांचे अंतर पडलेले असते. त्या अंतरात स्मरण, विस्मरण, पश्चात्ताप आणि विचार यांनी मूळ अनुभवाचे रूप पालटलेले असते. म्हणून बालपणावरील कोणत्याही श्रेष्ठ कृतीचा विचार करताना ‘काय घडले’ या प्रश्नाइतकाच ‘कोण, कोणाला आणि कशासाठी सांगतो आहे’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ या ग्रंथाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाची चर्चा विपुल झाली, दुसऱ्या प्रश्नाची मात्र त्या मानाने फारच अल्प. मातृप्रेमाचे मंगल स्तोत्र म्हणून या ग्रंथाचा गौरव झाला. अश्रूंनी भिजलेले, भाबडे पुस्तक म्हणून त्याची उपेक्षाही झाली. गौरव करणारे आणि उपेक्षा करणारे हे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमत असल्याचे दिसते. ती गोष्ट म्हणजे, हे संस्कारांचे पुस्तक आहे आणि त्यातील प्रसंग सुटे सुटे वाचता येतात. प्रस्तुत लेखात या गृहीताचा पुनर्विचार केला आहे. ‘श्यामची आई’ ही केवळ प्रसंगांची माळ नसून ती एका सलग कथनाची रचना आहे; तिच्या केंद्रस्थानी लाज ही भावना आहे; आणि चारचौघांत सांगणे हाच त्या लाजेवरचा उपाय म्हणून तेथे योजिला आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. तुलनेसाठी चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ आणि मॅक्झिम गॉर्कीचे ‘माझे बालपण’ या दोन कृतींचा आधार घेतला आहे.

२. ग्रंथाची पार्श्वभूमी : तुरुंग आणि मौखिक परंपरा

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. त्यांची आई यशोदा १९१७ मध्ये निवर्तली. १९२४ पासून सुमारे सहा वर्षे त्यांनी अमळनेर येथे शिक्षक म्हणून काम केले व तेथील छात्रालयातील मुलांचा सांभाळ केला. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. ‘श्यामची आई’चे लेखन फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत झाले. आईच्या मृत्यूला तोवर पंधरा वर्षे लोटली होती.

या पार्श्वभूमीतील एक दुवा विशेष लक्षणीय आहे. आदल्याच वर्षी, म्हणजे १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती ऐकून लिहून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले. अठरा अध्यायांवरील अठरा प्रवचने, श्रोत्यांचा ठरलेला मेळावा, एका बैठकीत एक विषय पुरा करण्याची शिस्त आणि बोलण्याच्या ओघातून आकार घेणारे गद्य या सर्वांचा जवळून अनुभव घेतलेल्या लेखकाने पुढच्याच वर्षी बेचाळीस रात्रींच्या कथनाचा ग्रंथ सिद्ध केला. एकाचा दुसऱ्यावर थेट परिणाम झाला असे ठामपणे म्हणण्याची आवश्यकता नाही. तथापि छात्रालयातील मुलांना गोष्टी सांगणारा शिक्षक आणि तुरुंगात प्रवचने टिपून घेणारा लेखनिक हे दोघे या ग्रंथाच्या कर्त्यात एकत्र आले होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याच्या गद्याची जातकुळी कळत नाही. ते वाचण्यासाठी लिहिलेले गद्य असले तरी त्याची चाल ऐकण्याच्या गद्याची आहे.

३. कथनाची चौकट

या ग्रंथातील विभागांना ‘प्रकरण’ न म्हणता ‘रात्र’ म्हटले आहे. आश्रमात सायंप्रार्थना झाल्यावर मित्रमंडळी जमतात आणि श्याम आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी ही योजना आहे. श्यामच्या तोंडचे कथन प्रथमपुरुषी आहे; पण त्याला वेढून असणारे निवेदन तृतीयपुरुषी आहे. म्हणजे लेखकाने स्वतःला दोनदा दूर सारले आहे. एकदा ‘पांडुरंग’ऐवजी ‘श्याम’ हे नाव देऊन आणि दुसऱ्यांदा त्या श्यामकडेही बाहेरून पाहणारा निवेदक योजून.

कथेत कथा गुंफण्याची पद्धत भारतीय परंपरेला नवी नाही. पंचतंत्रात विष्णुशर्मा राजपुत्रांना कथा सांगतो. कीर्तनकार एखादे तत्त्व मांडून त्याच्या पुष्ट्यर्थ आख्यान लावतो. ‘श्यामची आई’ने या दोन्ही परंपरांकडून काही घेतले आहे. मात्र एक मूलभूत फरक आहे. विष्णुशर्मा स्वतःच्या बालपणाची कथा सांगत नाही, आणि कीर्तनकाराच्या आख्यानात हरिभक्त नायक असतो, कीर्तनकार नव्हे. येथे सांगणारा स्वतःचेच आख्यान लावतो, आणि त्या आख्यानात तो बहुतेक वेळा नायक नसून अपराधी असतो. कळ्या उमलण्यापूर्वीच तोडणारा, पोहण्याच्या भीतीने लपून बसणारा, पत्रावळ लावायला न शिकणारा, वाचून मोठे होण्याच्या ओढीने चोरी करणारा असा हा श्याम आहे. आईची थोरवी उभी राहते ती मुलाच्या उणिवांच्या पार्श्वभूमीवर. म्हणून वरवर मातृस्तोत्र वाटणारा हा ग्रंथ आतून एक कबुलीजबाब आहे.

कबुलीला श्रोता लागतो. एकांतात लिहिलेल्या आत्मचरित्राला वाचक असतो, पण तो अदृश्य असतो. श्यामच्या समोर मात्र माणसे बसलेली आहेत. ती त्याला मान देतात आणि त्याच्या चांगुलपणाचे मूळ शोधू पाहतात. अशांना आपल्या बालपणातील उणेपणा सांगणे हे मान कमी करून घेण्याचे धाडस आहे. हे धाडस एका बैठकीत होत नाही, म्हणूनच रात्रींची संख्या बेचाळीस आहे.

४. लाजेकडून अब्रूकडे

रात्रींचा क्रम बारकाईने पाहिल्यास त्यात एक निश्चित दिशा आढळते. पहिल्याच रात्रीचा प्रसंग लाजेचा आहे. वटसावित्रीच्या व्रतात आजारी आईला वडाला प्रदक्षिणा घालणे शक्य होत नाही. तिच्याऐवजी श्यामने त्या घालाव्यात असे ती सुचवते. बायकांच्या मेळाव्यात एका मुलाने हे करायचे म्हणजे लोक हसणार, या विचाराने श्याम संकोचतो. चांगले काम करताना लाजू नये, लाज वाटायची ती वाईट कामाची, असा आईचा आशय आहे. म्हणजे कथनाच्या उंबरठ्यावरच लाजेची विभागणी झाली आहे. एक लाज लोकांच्या नजरेतून येते, तर दुसरी स्वतःच्या कृतीतून.

प्रारंभीच्या रात्रींमध्ये लाजेचा हा प्रश्न मुलाच्या आवाक्यातला असतो. न्हाऊन झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून तो हट्ट धरतो आणि आई आपल्या ओल्या लुगड्याचा पदर धोंड्यावर पसरते. पायांप्रमाणेच मनही स्वच्छ ठेवावे, ही तिची शिकवण पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मरणात राहिली. परंतु या प्रसंगाची खरी शक्ती शिकवणीत नाही. आईच्या त्या कृतीची किंमत तेव्हा मुलाला कळली नव्हती आणि सांगणाऱ्याला आता कळते आहे, या दोन काळांच्या मधल्या वेदनेत ती आहे. नुसता उपदेश काढून घेतला की प्रसंग सुविचार होतो, पण सांगणाऱ्याचा आवाज ठेवला तर तो पश्चात्ताप होतो.

मधल्या रात्रींपासून घराच्या दैन्याची छाया गडद होऊ लागते. खोताचे घराणे, मग वाटणी, वेगळे बिऱ्हाड, कोर्टकज्जे आणि कर्ज असा हा उतार आहे. धाकट्या भावाचा कोट उंदरांनी कुरतडल्याचे कळल्यावर श्याम खाऊचे पैसे साठवून त्याला नवा कोट शिवतो व पावसापाण्यातून दापोलीहून पालगडला चालत येतो. बंधुप्रेमाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग सर्वांना परिचित आहे. पण तो त्याच्या जागी वाचला तर त्यातील आणखी एक अर्थ दिसतो. भावाला नवा कोट देणे ज्या घरात वडीलधाऱ्यांना शक्य उरलेले नाही, त्या घरातील शाळकरी मुलाने ती जबाबदारी उचलली आहे. प्रेमाच्या या कथेच्या अस्तरात दारिद्र्याची कथा शिवलेली आहे.

अखेरच्या टप्प्यात सावकाराचा तगादा, त्याच्या माणसांची अपमानकारक भाषा आणि गावात पिटली गेलेली दवंडी यांचे चित्रण येते. पहिल्या रात्री लोक हसतील म्हणून संकोचणारा मुलगा होता. आता सारे घरच गावाच्या नजरेसमोर उघडे पडले आहे. लाजेचे रूपांतर अब्रूच्या प्रश्नात झाले आहे. ज्या आईने लोकांच्या हसण्याला भिऊ नये असे शिकवले, तीच आई लोकांपुढे झालेल्या मानहानीने खचते. ही या ग्रंथातील सर्वांत कठोर विसंगती होय. तिचे समाधान लेखकाने सोप्या उपदेशाने केलेले नाही. आईची शिकवण खोटी ठरली असे तो म्हणत नाही. ती शिकवण तिला स्वतःला वाचवू शकली नाही, हे मात्र तो लपवीत नाही.

येथेच कथनाच्या चौकटीचे प्रयोजन स्पष्ट होते. ज्या गोष्टीची गावभर दवंडी पिटली गेली आणि जी घराला असह्य झाली, तीच गोष्ट श्याम आता आपण होऊन माणसांच्या मेळाव्यात सांगतो. दवंडीही सार्वजनिक आणि कथनही सार्वजनिक. परंतु दवंडीने माणसाची अब्रू घेतली होती. कथन ती त्याला परत देते. कर्जबाजारी घरातील बाई म्हणून जिची मानहानी झाली, ती श्रोत्यांच्या मनात आदरणीय होते. पहिल्या रात्री आईने शिकवलेला धडा शेवटच्या रात्रींमध्ये मुलगा आचरणात आणतो, तोही नेमका तिच्याविषयी बोलून.

५. न पाहिलेला शेवट

या ग्रंथाच्या रचनेतील आणखी एका गोष्टीकडे फारसे लक्ष गेलेले नाही. आईच्या अखेरच्या आजारात श्याम शिक्षणासाठी घरापासून दूर असतो, आणि तो परततो तेव्हा आई गेलेली असते. म्हणजे ज्या मृत्यूने कोट्यवधी वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणले, तो सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेलाच नाही. घरात त्या दिवसांत काय घडले, हे त्याला इतरांकडूनच कळणे शक्य होते. आत्मकथनाचा सर्वोच्च बिंदू असा ऐकीव वृत्तांतावर उभा आहे.

वरवर हा दोष वाटेल, पण वास्तविक तो या कथनाचा गाभा आहे. आयुष्यभर आईजवळ असलेला मुलगा तिच्या अंतसमयी नव्हता, ही उणीव कोणत्याही शब्दांनी भरून निघणारी नाही. ती भरून काढण्याची धडपड म्हणजेच या बेचाळीस रात्री होत. सांगणारा इतरांनी सांगितलेले पुन्हा सांगतो आणि तसे करताना जणू तेथे उपस्थित राहतो. अखेरच्या रात्रीत स्मृतीलाच श्राद्धाचे रूप आले आहे ते यामुळेच. श्राद्ध हा गेलेल्या माणसाशी उशिरा साधलेला संवाद असतो, आणि येथे कथन हाच तो विधी ठरतो.

६. डिकन्स आणि गॉर्की : दोन तुलना

कर्ज, लाज आणि बालपण यांचा संबंध डिकन्सच्या आयुष्यात विलक्षण तीव्र होता. १८२४ मध्ये त्याचे वडील जॉन डिकन्स यांना कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करावे लागले. ही हकिकत त्याने हयातीत वाचकांना कळू दिली नाही. १८७० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून ती उघड झाली. तोपर्यंत ती केवळ कादंबरीचा वेश घेऊन वावरत होती. १८४९-५० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’मध्ये डेव्हिड मर्डस्टोन आणि ग्रिन्बीच्या वखारीत राबतो, आणि कर्जबाजारी बापाचे रूप विनोदी, आशाळभूत मिकॉबरला मिळते.

याच कादंबरीत रात्रीच्या कथनाचाही प्रसंग आहे. सालेम हाउस या शाळेत डेव्हिड आपल्या आवडत्या स्टीअरफोर्थला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या गोष्टी सांगतो. त्या गोष्टी त्याने वाचलेल्या कादंबऱ्यांतील असतात. पुढे वखारीत दिवस कंठताना मात्र तो आपले दुःख कोणालाही सांगत नाही. डेव्हिड रात्री सांगतो त्या परक्यांच्या कथा. स्वतःची लाज तो मनातच ठेवतो आणि प्रौढपणी कागदावर उतरवतो. श्यामची दिशा याच्या उलट आहे. त्याच्या रात्री स्वतःच्याच कथेसाठी आहेत. एकाने कर्जबाजारी बापाची व्यथा हास्यात विरघळवली, दुसऱ्याने ती अश्रूंसह उघड केली. यांपैकी एक मार्ग श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असे म्हणणे अनुचित ठरेल. डिकन्सच्या हास्याला जी कलात्मक उंची आहे ती साने गुरुजींच्या करुणेला सर्वत्र लाभत नाही. पण श्रोत्यांसमोर स्वतःच्या घराची दुर्दशा मांडण्याचे जे नैतिक धैर्य श्यामपाशी आहे, ते डेव्हिडला त्याच्या समाजाने मिळू दिले नाही.

गॉर्कीच्या ‘माझे बालपण’ (१९१३-१४) या कृतीत तिसरा मार्ग दिसतो. वडिलांच्या मृत्यूने आरंभ होणारी ही कथा निझनी नोव्हगोरोदमधील आजोबांच्या घरात घडते. तेथे मारझोड आहे, मालमत्तेवरून भांडणे आहेत. पांढरे टेबलक्लॉथ रंगवल्याबद्दल आजोबांनी नातवाला शुद्ध हरपेपर्यंत फोडून काढल्याचा प्रसंग आहे. त्याच घरात आजीच्या कथाही आहेत. तेथे कथा सांगणारी आजी आहे आणि ऐकणारे मूल आहे. पुढे लेखक झालेल्या त्या मुलाने आजीकडून कथनाची शक्ती घेतली, पण तिची सोशिकता स्वीकारली नाही. श्यामने आईकडून दोन्ही घेतले. गॉर्कीचा निवेदक बालपणातील क्रौर्याला क्षमा करीत नाही, तर श्याम क्षमेलाच आपल्या कथनाचा शेवट मानतो. हा फरक दोन लेखकांच्या स्वभावाचा तर आहेच, शिवाय त्यांच्या श्रोत्यांविषयीच्या कल्पनेचाही आहे. गॉर्कीला वाचक अस्वस्थ करावयाचा आहे. श्यामला श्रोता जोडावयाचा आहे.

७. मर्यादा

श्रोता जोडण्याच्या या आकांक्षेची किंमत ग्रंथाने मोजली आहे. प्रसंगाचा अर्थ श्रोत्यांवर न सोडता सांगणारा तो वारंवार स्वतःच उलगडून देतो. त्यामुळे मुलाच्या मूळ भावनेला पुरेसा अवकाश मिळत नाही. पोहायला जाण्यास घाबरणाऱ्या श्यामला आई मारते, त्या प्रसंगात मुलाची भीती खरी आहे आणि त्याचे दुखावणेही खरे आहे. परंतु पुढे आईची माया व तिच्या मारण्यामागचा हेतू इतक्या तातडीने पुढे येतात, की मुलाचा राग उमटण्यापूर्वीच विरून जातो. प्रौढाने बालकाला क्षमा करायला लावले आहे, अशी शंका येथे वाचकाला आल्यास ती अनाठायी म्हणता येणार नाही.

दुसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एका वृद्ध स्त्रीच्या डोक्यावर लाकडांची मोळी चढवून देण्यास आई श्यामला सांगते. मात्र लोकांनी नावे ठेवू नयेत म्हणून नंतर स्नान करण्यासही सांगते. करुणा रूढीच्या चौकटीत राहून केलेली आहे. लोकांच्या हसण्याला भिऊ नये हा पहिल्या रात्रीचा धडा येथे अर्धाच पाळला जातो. साने गुरुजींच्या पुढील आयुष्याकडे पाहता ही अपूर्णता त्यांना जाणवत असावी असे मानण्यास आधार आहे. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण केले. आईने घराच्या अंगणापुरते जे केले, ते मुलाने मंदिराच्या महाद्वारापर्यंत नेले. ग्रंथाने अर्धवट सोडलेले वाक्य आयुष्याने पुरे केले.

८. समारोप

‘श्यामची आई’ पुढे चित्रपटाच्या रूपाने घरोघरी पोहोचली. आचार्य अत्रे यांच्या १९५३ मधील चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले. २०२३ मध्ये या विषयावर पुन्हा चित्रपट निघाला. शालेय वाचनातून तिचे सुटे प्रसंग अनेक पिढ्यांना भेटले. या प्रसारामुळे ग्रंथ अमर झाला, पण त्याच प्रसाराने त्याचे कथनरूप झाकोळले. सुट्या पाठात रात्र नसते, श्रोते नसतात आणि पुढच्या रात्रीची चाहूलही नसते. तेथे केवळ एक आज्ञाधारक मुलगा आणि एक आदर्श आई उरते. मुलांच्या हाती असा पाठ ठेवला की त्यांना आदर्शाचे ओझे मिळते. संपूर्ण ग्रंथ ठेवला तर दिलासा मिळतो. घरातील कर्जाची, फाटक्या कपड्यांची, वर्गातील टवाळीची लाज ज्या मुलाच्या मनात घर करून बसली आहे, त्याला हा ग्रंथ सांगतो की ही गोष्ट सांगता येते, आणि ती ऐकणारी माणसे असतात.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) ‘श्यामची आई’मधील बेचाळीस रात्रींची योजना केवळ सजावटीची नसून तिच्यामुळेच उपदेशाला कबुलीजबाबाची खोली प्राप्त झाली आहे.

(२) पहिल्या रात्रीतील मुलाच्या लाजेपासून अखेरच्या रात्रींतील घराच्या अब्रूपर्यंत ग्रंथाचा सलग विकास होतो. हा विकास सुट्या वाचनात हरवतो.

(३) आईच्या मृत्यूसमयीची अनुपस्थिती ही या कथनामागील प्रमुख प्रेरणा असून कथनालाच स्मृतिश्राद्धाचे रूप आले आहे.

(४) डिकन्सने लाज कादंबरीच्या आड ठेवली, गॉर्कीने तिचे निषेधात रूपांतर केले, तर साने गुरुजींनी ती श्रोत्यांसमोर ठेवून तिचे आदरात रूपांतर केले.

(५) भाबडेपणाचा आक्षेप काही प्रसंगांच्या विवरणाला लागू पडतो. समग्र रचनेला तो लागू पडत नाही.

बालपण परत मिळत नाही. त्यातील चुकाही दुरुस्त करता येत नाहीत. मात्र त्या कोणाजवळ तरी खरेपणाने सांगता येतात. ‘श्यामची आई’चे अभिजातत्व आदर्श मातेच्या चित्रणापेक्षा या खरेपणात शोधणे अधिक उचित ठरेल.